सुगंधाच्या बाटलीत असते तरी काय?

दिवाळीच्या सुमारास परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालेल्या गाडीची काच खाली केली, की घाटातल्या उघड्या उतारांवर एक वास येतो. थोडा गुलाबासारखा, थोडा गवती चहासारखा, पण दोन्हींपेक्षा उग्र. आजूबाजूला पाहावे तर एकही फुलझाड नसते. वास येतो तो माणसाच्या उंचीच्या, तांबूस तुऱ्यांच्या गवताचा. कुणी त्याला रोशा म्हणते, कुणी तिखाडी. गुडघे धरले की रोशाचे तेल चोळायचे, डास फार झाले की तेच तेल हातापायाला लावायचे, ही वऱ्हाडातल्या घरांची जुनी सवय आहे.

आता या जुन्या बाटलीच्या शेजारी नव्या बाटल्या आल्या आहेत. निलगिरी, पुदिना, लवंग, गवती चहा, तुळशीचे थेंब, सर्दीचा रोल-ऑन, बाळाच्या कपड्याला लावायचे थेंब. सगळ्यांवर ‘नैसर्गिक’ हा शब्द ठळक छापलेला असतो. ‘झाडपाल्याचं हाये, त्यानं काय व्हते?’ हे वाक्य तर वऱ्हाडातल्या प्रत्येक दवाखान्याने ऐकलेले आहे. या प्रश्नाचे उत्तर बाटलीत नेमके काय आहे आणि किती आहे, यावर अवलंबून असते. ते समजून घ्यायला सुरुवात मेळघाटातल्या गवतापासूनच करता येते, कारण सुगंधाच्या रसायनशास्त्राचे एक महत्त्वाचे पान याच गवताने लिहिले आहे.

गवत इथले, नाव तुर्कस्तानचे

रोशाचे शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. लखनौत स्थायिक झालेल्या क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनानीवरून ते पडले. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेवर असताना मार्टिनने या गवताचे बी गोळा करून लखनौला नेले होते.

एकोणिसाव्या शतकात सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे खानदेश, निमाड, बैतूल आणि मेळघाटच्या परिसरात, रोशाच्या तेलाच्या भट्ट्या लागत. तयार तेल मुंबईला जाई, मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात. तिथे त्याचा उपयोग मोठा चमत्कारिक होता. गुलाबाचे अत्तर अतिशय महाग आणि रोशाचे तेल त्यामानाने स्वस्त. दोघांचा वास जवळचा. म्हणून तेव्हा तुर्की साम्राज्यात असलेल्या बल्गेरियाच्या गुलाबखोऱ्यात भट्टीत टाकण्यापूर्वी गुलाबपाकळ्यांवर रोशाचे तेल शिंपडले जाई आणि जे निघेल ते गुलाबाचे अत्तर म्हणून युरोपात विकले जाई. युरोपच्या बाजारात आपल्या गवताच्या तेलाला नावही मिळाले ते ‘तुर्की जिरॅनियम तेल’. त्यात जिरॅनियमही नव्हते आणि ते तुर्कीही नव्हते.

ही भेसळ इतकी बेमालूम का जमत होती, याचे उत्तर १८७१ मध्ये मिळाले. ऑस्कर जेकबसन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतीय गवतापासून काढलेल्या याच तेलातून एक द्रव शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि त्याला ‘जिरॅनिऑल’ हे नाव दिले. गुलाबाच्या अत्तरातही जिरॅनिऑल असते. नाकाला जे साम्य जाणवत होते ते काल्पनिक नव्हते. दोन्हीकडे एकच रेणू हजर होता. आज साबणापासून अत्तरापर्यंत असंख्य वस्तूंत जिरॅनिऑल वापरतात. त्याची पहिली ओळख पटली ती मात्र गुलाबातून नव्हे, तर या गवताच्या तेलातून.

दिसायला सारखे, आतून वेगळे

रोशाची गोष्ट इथे संपत नाही. जंगलात तेल काढणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, की हे गवत दोन जातींचे असते: मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या, उघड्या, पाणी न साचणाऱ्या उतारावर वाढते. सोफिया जास्त ओलाव्याच्या, दाट झाडीच्या जागी. दोन्ही शेजारी उभी केली तर जाणकारालाही पटकन फरक सांगता येत नाही. तेल मात्र वेगळे निघते.

मोतियाच्या तेलात साधारण ७० ते ८५ टक्के जिरॅनिऑल असते, शिवाय जिरॅनाइल ॲसिटेट आणि थोडे लिनॅलूल. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल कमी पडते आणि लिमोनिन, पेरिलिल अल्कोहोल अशी दुसरी संयुगे वर येतात. त्याचा वास गुलाबाकडे न जाता आल्याकडे झुकतो, म्हणून इंग्रजीत त्याला ‘जिंजरग्रास’ तेल म्हणतात. पुढे शास्त्रज्ञांनी पेशींत पाहिले तेव्हा मोतियात २० आणि सोफियात ४० गुणसूत्रे आढळली. म्हणजे भट्टीवाल्यांचे नाक बरोबर होते.

वैद्यकाच्या दृष्टीने या गवताचा धडा महत्त्वाचा आहे. झाडाचे नाव एक असले म्हणून त्यातले तेल एकच असते असे नाही. जात, जमीन, ओलावा, कापणीचा महिना, पान की फूल, भट्टी किती वेळ चालली, या प्रत्येक गोष्टीने तेलाची घडण बदलते. बाटलीवर ‘तुळस’ किंवा ‘रोशा’ एवढेच लिहिलेले असेल, तर आत काय आहे याची निम्मीच माहिती मिळाली असे समजावे.

वासाचे तेल कसे निघते?

‘तेल’ हा शब्द इथे थोडा फसवा आहे. शेंगदाण्याचे, तिळाचे, जवसाचे तेल कागदावर पडले की डाग कायमचा राहतो. रोशाच्या किंवा निलगिरीच्या तेलाचा डाग काही वेळाने उडून जातो. पहिले स्निग्ध तेल, म्हणजे अन्नातली चरबी. दुसरे बाष्पशील तेल, म्हणजे हवेत उडून जाणाऱ्या बारीक रेणूंचे मिश्रण. उडते म्हणून तर ते नाकापर्यंत पोहोचते.

वनस्पती हे रेणू पानांवरच्या किंवा सालीतल्या सूक्ष्म पिशव्यांत साठवतात. तुळशीचे पान चुरगळले की वास येतो तो या पिशव्या फुटतात म्हणून. किडींना दूर ठेवणे, बुरशी रोखणे, कधी परागीभवनासाठी कीटकांना बोलावणे, हे त्यांचे मूळ काम. माणसाच्या सर्दीसाठी झाडाने ते बनवलेले नसतात.

भट्टीत गवत भरून खाली पाणी उकळतात. वाफ गवतातून जाताना हे रेणू सोबत घेते. ती नळीतून थंड केली की पाणी खाली राहते आणि तेल वर तरंगते. रोशाच्या शंभर किलो ओल्या गवतातून साधारण अर्धा किलो तेल मिळते. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो कामाला येणार आहे.

मग तेलात काय काय आहे, हे यंत्र सांगते. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रात तेलाचा अगदी सूक्ष्म थेंब सोडतात. लांबच लांब बारीक नळीतून त्यातली संयुगे शर्यतीसारखी पळतात. हलकी आधी बाहेर पडतात, जड मागून. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे वस्तुमान मोजून त्याची ओळख पटवतात. एका तेलात पन्नास-शंभर संयुगे सहज निघतात, पण बहुतेक वेळा दोन-तीनच कारभारी असतात आणि बाकीचे पदरी.

यातली बरीच संयुगे ‘टर्पिन’ या एका मोठ्या कुळातली आहेत. पाच कार्बन अणूंचा एक ठोकळा, त्याला दुसरा जोडायचा, कधी सरळ रेषेत, कधी कडे करून, कधी वर ऑक्सिजन लावून. या कुळाची वंशावळ लावणाऱ्या ऑटो वालाख यांना १९१० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

अंगणातल्या कुंड्यांची तपासणी

आता अमरावती-अकोल्याच्या कुठल्याही घराच्या अंगणात डोकावले तरी या कुळातली मंडळी भेटतात.

नळाजवळचा गवती चहा हा मेळघाटच्या रोशाचा सख्खा भाऊबंद. दोघे एकाच प्रजातीगटातले. त्याच्या तेलात ७० ते ८० टक्के सिट्रल असते. जिरॅनिऑलच्या रेणूतून हायड्रोजनचे दोन अणू काढले की सिट्रलचे मुख्य रूप तयार होते. एवढ्याशा फरकाने गुलाबाचे लिंबू होते.

तुळशीचा मुख्य रेणू युजेनॉल. लवंगेच्या तेलातही तोच, आणि तिथे तो ७० ते ९० टक्के. दाताच्या डॉक्टरांकडे येणारा तो ओळखीचा वासही युजेनॉलचाच; झिंक ऑक्साइडबरोबर त्याचा लेप करून दातात भरतात. तुळशीच्या नात्यातला सब्जा मात्र वेगळा. आपल्याकडच्या सब्ज्यात बहुधा मिथाइल चॅव्हिकॉल जास्त, तर युरोपातल्या त्याच झाडात लिनॅलूल जास्त. तीच मोतिया-सोफियाची कथा.

ओव्याच्या पानाला ओव्याचा वास का येतो, हा प्रश्न अनेकांना पडतो. ओवा हा कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातला आणि भजी करतात ते जाड, लवदार पान तुळशीच्या कुळातले. दोघांचे नाते नाही. पण ओव्यात थायमॉल असते आणि त्या पानात थायमॉल किंवा त्याचे जुळे भावंड कार्व्हाक्रॉल. दोघांत अणू तेच आणि तेवढेच, फक्त एका ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीची जागा बदललेली.

त्याहून गमतीचे उदाहरण पुदिना आणि शेपूचे. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यात कार्व्होन असते आणि बाळंतशेपातही कार्व्होनच. पण डावा आणि उजवा हात जसे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, तसे हे दोन रेणू. नाकातली कुलपे डाव्या-उजव्या किल्लीत फरक करतात, म्हणून एक पुदिना वाटतो आणि दुसरा शेपू.

आणि वरूड-मोर्शीचा संत्रा? त्याची साल दिव्याच्या ज्योतीजवळ दाबली की चर्रकन ठिणग्या उडतात, हा खेळ इथल्या प्रत्येक पोराने केला आहे. सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास लिमोनिन असते आणि ते ज्वालाग्राही असते. डोळ्यात उडाले की झोंबते तेही तेच. एका खेळात दोन गुण कळतात: हे तेल पेटते आणि ते नाजूक त्वचेला सोसत नाही. घरातल्या प्रत्येक सुगंधी बाटलीला हे दोन्ही गुण कमी-अधिक लागू आहेत.

पान वेगळे, बाटली वेगळी

आता त्या अर्ध्या किलोच्या हिशेबाकडे येऊ. शंभर किलो गवतातून अर्धा किलो तेल, म्हणजे दहा मिलिलिटरच्या एका छोट्या बाटलीत पावणेदोन ते दोन किलो गवत मावलेले असते.

गवती चहाचेही तसेच. घरी चहात दोन-तीन पाती टाकतात. फार तर अडीच ग्रॅम. त्यातून जास्तीत जास्त दहा मिलिग्रॅम तेल चहात उतरते आणि उकळताना त्यातलेही बरेच उडून जाते. याउलट तेलाचा एक चहाचा चमचा म्हणजे जवळजवळ साडेचार ग्रॅम. हिशेब केला तर एका चमच्यात चारशेहून अधिक कप चहाचे तेल एकदम पोटात जाते. आजीने आयुष्यभर गवती चहा प्यायला आणि तिला काही झाले नाही, हे खरे आहे. पण त्यावरून चमचाभर तेल निर्धोक ठरत नाही. झाडपाला तोच, मात्रा वेगळी.

मात्रा बरोबर असली तर हेच रेणू औषध ठरतात, हेही तेवढेच खरे. युजेनॉल दंतवैद्यकात आहे. थायमॉल गुळण्यांच्या औषधांत आहे. आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूलमधले पेपरमिंट तेल ‘इरिटेबल बॉवेल’ या विकारात पोटदुखीला आराम देते, याला चाचण्यांचा आधार आहे. या तिन्ही ठिकाणी रेणू कोणता, किती आणि कुठे द्यायचा हे ठरलेले असते.

पोटलीचे वर्ष

फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात सर्वात आधी जिथे जाणवली, त्यात अमरावती आणि अकोला हे जिल्हे होते. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली. पुढे एप्रिलमध्ये देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव सुरू असताना मोबाइलवर एक संदेश फिरला: कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे काही थेंब रुमालात बांधून हुंगत राहा, रक्तातला ऑक्सिजन वाढतो.

ही पोटली आजीच्या बटव्यातली असल्याने लोकांना ती चटकन पटली. शिवाय हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटतही होते. इथेच रेणूंनी चकवले. मेंथॉल आणि निलगिरीतला सिनिऑल हे रेणू नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतात. मेंदूला वाटते, थंडगार हवा आत येते आहे. प्रत्यक्षात नाकातून जाणारी हवा तेवढीच असते. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाच्या सर्दी संशोधन केंद्रात मेंथॉल हुंगवून हे मोजून पाहिले गेले: श्वास मोकळा झाल्याची भावना वाढली, नाकातला अडथळा मात्र तसाच राहिला. योगायोग असा, की थंडीचा हा ग्राहक मेंथॉलच्या मदतीने शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले तेही २०२१ मध्येच.

साध्या सर्दीत ही भावना सुखाची असते आणि तिला हरकत घेण्याचे कारण नाही. पण फुप्फुसे सुजलेल्या रुग्णाला ती खोटा धीर देते. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८८ दाखवत असताना ‘पोटलीने बरे वाटते आहे’ म्हणून घरी घालवलेला एक दिवसही फार महाग पडू शकतो. दमा, न्यूमोनिया, हृदयविकार यांच्या रुग्णांना हे आजही लागू आहे.

कापराची वडी आणि लहान मूल

यापुढचा धोका हुंगण्याचा नाही, पोटात जाण्याचा आहे, आणि तो सर्वात जास्त रांगत्या मुलांना आहे.

कापूर पांढराशुभ्र, वडीसारखा, देवघराच्या खालच्या फळीवर ठेवलेला. शेजारी खडीसाखर आणि बत्तासे. दीड वर्षाच्या मुलाला दोन्हींतला फरक कसा कळणार? आज पूजेचा कापूर बहुतांशी टर्पेंटाइनमधल्या पाइनिनपासून कारखान्यात बनतो, पण झाडातला असो की कारखान्यातला, कापराचा रेणू मज्जासंस्थेला सारखाच घातक. पोटातून तो झपाट्याने रक्तात जातो आणि काही मिनिटांत ते दीड तासात झटके आणू शकतो. पुष्कळदा झटका हेच पहिले लक्षण असते. अमेरिकेतील विषबाधा केंद्रांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वजनाच्या किलोमागे ३० मिलिग्रॅमहून जास्त कापूर गेला असेल, तर रुग्णालयात न्यावेच लागते. दहा किलोच्या मुलासाठी हे प्रमाण ३०० मिलिग्रॅम भरते. मोठ्या वडीचा एक तुकडाही त्याला पुरतो.

निलगिरीचे तेलही तसेच. एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, लहान मुलाला गंभीर विषबाधा करू शकतो. तोंडात जळजळ, उलटी, मग गुंगी, झटके, बेशुद्धी. लवंगेचे तेल चमचा-दोन चमचे पोटात गेल्याने लहान मुलांचे यकृत बिघडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आणि तेल कोणतेही असो, उलटीबरोबर ते श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसाला रासायनिक इजा होते.

दोन वर्षांखालील बाळाच्या नाकात, नाकाखाली किंवा छातीवर कापूर, मेंथॉल, निलगिरी असलेले काहीही लावू नये. तान्ह्या बाळात मेंथॉलच्या तीव्र वासाने स्वरयंत्र आवळून श्वास क्षणभर थांबू शकतो. नाक चोंदलेल्या बाळासाठी मीठपाण्याचे साधे थेंब पुरेसे असतात.

अपस्माराच्या म्हणजे मिरगीच्या रुग्णांनीही काळजी घ्यावी. कापूर आणि निलगिरी यांनी झटक्याचा उंबरठा खाली येतो. बेंगळुरूच्या डॉक्टरांनी अशा तेलांच्या वापरानंतर आलेल्या झटक्यांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यात काही प्रौढ असे होते, ज्यांना पूर्वी कधीच झटका आलेला नव्हता. त्यामुळे पहिल्यांदा झटका आलेल्या रुग्णाने आणि त्याच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना बाम, रोल-ऑन, वाफेचे थेंब, कापूर यांबद्दल न विचारताही सांगावे. कारण सापडले, तर काही रुग्णांची वर्षानुवर्षांची गोळी वाचू शकते. सुरू असलेली गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

त्वचेचा हिशेब

रोशाचे तेल गुडघ्याला चोळताना आराम वाटतो. त्यात चोळण्याचा, उबेचा आणि वासाचा वाटा असतो. तेवढ्यापुरते ते ठीक, पण शुद्ध तेल थेट लावू नये. खोबरेल किंवा तिळाच्या दोन चमचे तेलात चार-पाच थेंब एवढे पुरे. जिरॅनिऑल, सिट्रल, युजेनॉल, लिनॅलूल, लिमोनिन यांपैकी कोणतेही काहींच्या त्वचेला ॲलर्जी करू शकते. म्हणूनच युरोपात सौंदर्यप्रसाधनांवर या प्रत्येकाचे नाव वेगळे छापण्याची सक्ती आहे.

बाटली जुनी झाली की धोका वाढतो. लिमोनिन आणि लिनॅलूल हवेशी संयोग पावून अशी संयुगे बनवतात, जी मूळ रेणूपेक्षा जास्त ॲलर्जीकारक असतात. अकोल्याच्या मे महिन्यात खिडकीत ठेवलेली, बूच सैल झालेली बाटली वर्षभराने तीच राहिलेली नसते. अशी तेले गडद रंगाच्या बाटलीत, घट्ट बुचात, थंड अंधाऱ्या जागी ठेवावीत. वास आंबूस किंवा बदलेला वाटला तर टाकून द्यावीत.

शेतकऱ्यासाठीही हाच प्रश्न

‘बाटलीत काय आहे’ हा प्रश्न फक्त रुग्णांचा नाही. कापूस-सोयाबीनला जोड म्हणून रोशा किंवा गवती चहा लावण्याचा विचार वऱ्हाडातले काही शेतकरी करतात. तेलाचा खरेदीदार वजनाबरोबर जिरॅनिऑल किंवा सिट्रलचे प्रमाण पाहतो. बी मोतियाच्या चांगल्या वाणाचे नसेल, कापणी फुलोऱ्याची वेळ चुकवून केली असेल, किंवा भट्टीत गवत करपले असेल, तर मेहनत तेवढीच होते आणि भाव पडतो. लखनौच्या सीमॅप या संस्थेने रोशाचे ‘तृष्णा’, ‘तृप्ता’, ‘वैष्णवी’ असे सुधारित वाण दिले आहेत. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. लागवडीआधी तिथे जाऊन विचारणे, आणि जवळ भट्टी व तपासणीची सोय आहे का हे पाहणे, हे एकरभर नुकसानीपेक्षा स्वस्त पडते.

घरी एवढे तरी करावे

कापूर, निलगिरी, लवंग, पुदिना यांचे अर्क आणि सर्व सुगंधी तेले औषधांसारखीच मुलांच्या हाताबाहेर, बंद कपाटात ठेवावीत. कापराची डबी देवघरात वर, बुचासह ठेवावी. खडीसाखरेच्या शेजारी कधीही नको. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत तेल भरून ठेवू नये. चुकून चमचाभर पाजले जाते ते असेच. गरोदरपणात कापूर किंवा कोणतेही सुगंधी तेल पोटात घेऊ नये. कापूर वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो.

मुलाने कापूर किंवा तेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट पाहू नये. बोट घालून किंवा मीठपाणी पाजून उलटी करवू नये. दूध, तूप देऊ नये. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि ती बाटली किंवा डबी सोबत घेऊन जवळचे रुग्णालय गाठावे. बाटली पाहिली की डॉक्टरांना आतला रेणू कळतो आणि उपचाराची दिशा लगेच ठरते.

बाटली विकत घेतानाही लेबलवर झाडाचे शास्त्रीय नाव, मुख्य घटकाचे प्रमाण, तयार केल्याची तारीख आणि वापरण्याची पद्धत आहे का, ते पाहावे. चारपैकी एकही गोष्ट नसेल, तर ती बाटली दुकानातच राहू द्यावी.

अंगणातला गवती चहा, तुळस, ओव्याचे पान, पुदिना यांची भीती बाळगण्याचे काहीच कारण नाही. चहात, चटणीत, भज्यांत ती जेवढी जातात तेवढ्याने कुणाला अपाय होत नाही. पुढच्या दिवाळीत चिखलदऱ्याचा घाट चढताना काच खाली करून रोशाचा वासही खुशाल घ्यावा. घरी आल्यावर मात्र देवघरातली कापराची डबी कोणत्या फळीवर आहे, हे एकदा पाहून घ्यावे.